परमुलखातील चूल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



‘आपण परदेशी जाऊन आलात, तेव्हा तेथील चार गोष्टी सभासदांना सांगा,’ अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात शाळेच्या फळ्यापुढे गेली. नव्वद दिवसांच्या मुक्कामात एखाद्या देशाविषयी अधिकारवाणीने बोलावे इतके ज्ञान कोणासही होत नाही. तेथील राजवाडे, कारखाने आणि राज्यपद्धती यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. आम्ही पाहिले ते मुख्यतः एक स्वयंपाकघर, आणि तेही जेमतेम दहा फूट लांबीचे. तेव्हा त्याविषयीच बोलण्याची अनुज्ञा असावी. हा बायकांचा विषय, असे समजून पुरुषमंडळींनी चुळबुळ करू नये. कारण आजचे बोलणे विशेषेकरून त्यांच्याचसाठी आहे.

परदेशगमन आणि अन्न यांचा प्रश्न ज्ञातिसंस्थांना नवा नाही. १८८८ साली मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. तेथे साहेबांबरोबर खाणेपिणे करावे लागते, सबब धर्म राहावयाचा नाही, असे ज्ञातीच्या शेटजींचे म्हणणे पडले. तरुण ऐकेना, तेव्हा सभेने त्यास वाळीत टाकले. आणि जो कोणी त्यास साहाय्य करील किंवा बंदरावर पोचवावयास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. आज आपले मंडळ परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलांचा याच व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते. काळ पालटला तो असा. तथापि त्या शेटजींची शंका अगदीच पोकळ होती, असे आम्हांस वाटत नाही. ‘तिकडे खाल काय?’ हा त्यांचा प्रश्न खराच होता. चुकले ते उत्तर. मुलाला बंदी करण्याऐवजी त्याच्या हाती स्वयंपाक दिला असता, तर दंडाची गरजच उरली नसती.

पुढे लंडनमध्ये त्या तरुणाने ते उत्तर स्वतःच शोधून काढले. प्रारंभी त्याची उपासमार झाली. नंतर त्याने एक खोली घेतली, एक स्टोव्ह विकत घेतला आणि ओटची लापशी व कोको घरीच करू लागला. या न्याहारीस वीस मिनिटांहून अधिक वेळ क्वचितच लागे, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांचे तेथील स्नेही नारायण हेमचंद्र यांना गांधींनी केलेले गाजराचे विलायती सार रुचेना. त्यांना वरण हवे असे. एकदा त्यांनी कोठून तरी मूग पैदा केले, शिजविले आणि गांधींच्या बिऱ्हाडी नेऊन दिले. ते गांधींनी आनंदाने खाल्ले.

त्याआधी पाच वर्षे, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांनी आपला पोशाख आणि आपला शाकाहार सोडला नाही. फिलाडेल्फियाची थंडी, अभ्यासाचे ओझे आणि अन्नाची आबाळ यांनी त्यांची प्रकृती खालावली. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या त्या आजारी अवस्थेतच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचा आजार क्षयाचा होता, केवळ अन्नाचा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु परमुलखात दोन वेळचे सोसेल असे अन्न मिळणे ही चैनीची बाब नव्हे, एवढे त्या चरित्रावरून कोणाच्याही ध्यानी यावे.

आता आमच्या अनुभवाकडे वळू. आमची कन्या व जावई जर्मनीच्या दक्षिणेस, बव्हेरिया प्रांतातील एका लहान गावी राहतात. २०२३ सालच्या मार्चमध्ये कन्येचे पहिले बाळंतपण होणार होते. तिच्या आईने जावयाचे ठरले होते. तिकीटही निघाले होते. परंतु निघण्यास एक महिना असता आमच्या सौ. मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. जावयांच्या मातोश्री पूर्वीच निवर्तलेल्या. तेव्हा बाळंतिणीचे करावयास कोण जाणार, असा प्रश्न उभा राहिला. सौ.च्या शुश्रूषेसाठी धाकटा मुलगा व सून घरी होती. उरलो आम्ही. अडतीस वर्षे शाळेत शिकविले, पण चहाचा कपही स्वतः करून घेतलेला आम्हांस स्मरत नाही. असा मनुष्य बाळंतिणीला जेवू घालावयास सातासमुद्रापार निघाला, हे ऐकून आळीतील मंडळी हसली. आम्हीही वरकरणी हसलो. मनातून मात्र भ्यालो होतो.

सौ.नी अंथरुणावरून यादी सांगून एक मोठी बॅग भरून दिली. तीत तूप, डिंक, अळीव, खोबरे, गूळ, तूरडाळ, मेतकूट, काळा मसाला, कोकम, हिंग सारे काही होते. विमान बदलताना ती बॅगच गहाळ झाली. आमच्या कपड्यांची बॅग तेवढी आली. मोठ्या शहरात भारतीय किराण्याचे दुकान होते, पण ते आगगाडीने दीड तासाच्या अंतरावर. टपालाने घरपोच मागविले असता हल्ली तेथे सर्व काही येते, हेही खरे. परंतु त्यास दिवस लागतात, आणि बाळंतिणीची भूक टपालाची वाट पाहत नाही. शिवाय रविवारी त्या देशात कायद्यानेच दुकाने बंद. कन्या आणि जावई दोघेही नोकरीवर दुपारी जेवीत, रात्री पाव किंवा शेवया. त्यामुळे घरातल्या डब्यांत हळद, तिखट आणि मीठ यांपलीकडे फारसे काही नव्हते. कन्येस डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. आमच्या हाती तयारीस दहा दिवस होते.

पहिल्याच सकाळी आम्ही सौ.ना मोबाइल लावला. तेथे पहाटेचे सहा, येथे साडेदहा. आम्ही तक्रारींचा पाढा वाचला : तूर नाही, गूळ नाही, तूप नाही, कढीलिंब नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, नाही ते मला कशाला सांगता? जिन्नसाचं नाव विसरा. तो भांड्यात पडून काम काय करतो तेवढं बघा, आणि ते काम करणारं त्या गावात दुसरं कोण आहे ते शोधा.”

आम्ही अनेक शिक्षणाधिकाऱ्यांची व्याख्याने ऐकली आहेत. पण इतक्या थोड्या शब्दांत इतके शिक्षण आम्हांस कोणी दिले नव्हते. पुढील नव्वद दिवस आम्ही या एका सूत्रावर स्वयंपाक केला.

पहिला धडा तुपाचा. घरात तूप नसले तरी तेथे लोणी उत्तम मिळते. लोण्यात शंभर भागांत किमान ब्याऐंशी भाग स्निग्धांश असावा असा तेथील नियम आहे. अडीचशे ग्रॅमची एक वडी मंद आचेवर कढविली की दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप हाती येते. लोण्याच्याही दोन जाती. एक गोड्या सायीचे, दुसरे विरजण लावून आंबविलेल्या सायीचे. आपल्या घरचे लोणी विरजलेल्या सायीचे असते. म्हणून दुसऱ्या जातीचे घेतले तेव्हाच तुपाला घरचा वास आला. पहिला घाणा आम्ही जाळला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा साधला. बुडबुडे बारीक झाले आणि तळाची बेरी बदामी रंगावर आली की आच बंद करावी, एवढे समजावयास तीन वड्या खर्ची पडल्या.

दुसरा धडा जिऱ्याचा, आणि तो फजितीचा. जिऱ्याला तेथे ‘क्युमेल’ म्हणतात असे आम्ही अर्धवट ऐकले आणि त्या नावाची पुडी आणली. दाणे जिऱ्यासारखेच. फोडणी केली, आणि घरभर भलताच वास सुटला. ते शहाजिऱ्याशी जवळचे नाते सांगणारे बी. तेथील लोक ते पावात आणि कोबीत घालतात. आपल्या जिऱ्याचे नाव ‘क्रॉइत्सक्युमेल’. एका जोडशब्दाच्या पूर्वपदाकडे दुर्लक्ष केल्याची ही शिक्षा. मुलांच्या वह्यांत असल्या चुकांखाली आम्ही जन्मभर तांबड्या रेघा ओढल्या होत्या. मोहरीही तेथे मिळते, पण ती पिवळी, जाड्या दाण्याची, लोणच्यासाठी ठेवलेली. फोडणीत ती तडतडते, परंतु आपल्या काळ्या मोहरीची धार तीत नाही. चालते.

तिसरा धडा पिठाचा. तेथील पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. चौकशी करता कळले की शंभर ग्रॅम पीठ जाळले असता जितके मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा जितका मोठा तितका गव्हाचा कोंडा पिठात अधिक. ४०५ म्हणजे आपला मैदाच. त्याची पोळी रबरासारखी झाली. अख्ख्या गव्हाचे पीठ घेतले तर त्यातील जाड कोंड्याने पोळी लाटतानाच फाटली. शेवटी दोन्ही पिठे समभाग घेऊन, जाड कोंडा चाळून, कोमट पाण्यात सैलसर भिजवून तास दीड तास झाकून ठेवली, तेव्हा पोळी पोळीसारखी झाली. कोंड्याला पाणी प्यावयास वेळ द्यावा लागतो, हे त्यातील मर्म. जाता जाता एक नवल सांगतो. तेथील एका दुकानात ‘एमर’ नावाचा गहू दिसला. नातवंडांना माहितीही नसेल असा हा आपला खपली गहूच. सातारा-सांगलीकडे खिरीसाठी जपून ठेवतात तो. त्याची लापशी आम्ही कन्येला पुष्कळ दिवस दिली.

याप्रमाणे जिन्नसांची ओळख होत गेली. तूर नसली तरी मसुरीची सोललेली तांबडी डाळ कोठेही मिळते आणि पंधरा-वीस मिनिटांत शिजते. दुधातल्या भातासाठी तेथे एक आखूड, गोल दाण्याचा तांदूळ विकतात; मऊ भात करावयाचा तर लांब दाण्याच्या उंची तांदळापेक्षा तोच चांगला. शेपू तर बाजारात ढिगाने. तेथे ती माशावर आणि काकडीवर घालतात, आम्ही मुगाऐवजी मसुरीची डाळ घालून भाजी केली. नवलकोल आणि कोबी हे त्यांचेही रोजचे. चिंच-कोकमाची उणीव आधी लिंबाने आणि ताकाने भरून काढली. एप्रिल लागताच बाजारात ‘ऱ्हुबार्ब’ नावाचे तांबूस आंबट दांडे आले. त्यांची पाने विषारी म्हणून टाकून द्यावयाची, पण दांड्याचा तुकडा आमटीत विरघळला की आमसुलाची आठवण होते. गुळाच्या जागी बिटाच्या साखरेचा एक काळा पाक मिळाला. दिसावयास आणि चवीस आपल्या काकवीचा भाऊ.

१ मार्च रोजी कन्या प्रसूत झाली, मुलगी झाली. दवाखान्यात सायंकाळचे जेवण म्हणजे पावाचे काप, चीज आणि थोडी काकडी, सारे थंड. यात त्यांचा दोष नाही. सायंकाळी थंड जेवण घेण्याचा त्या लोकांचा रिवाजच आहे. परंतु रक्त पुष्कळ गेलेले, अंगात थंडी भरलेली. पोरीच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी घरी आली, तेव्हा चेहरा पांढराफटक. आम्ही मऊ भात, मसुरीचे साधे वरण, वर घरी कढविलेले तूप आणि लिंबाची फोड असे ताट तिच्यापुढे ठेवले आणि दाराशी उभे राहिलो. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही आमची छाती इतकी धडधडली नव्हती. तिने पहिला घास घेतला, मग काही न बोलता सारा भात संपविला आणि थाळी पुढे केली. “अण्णा, अजून आहे?” असे विचारले. दुसऱ्यांदा वाढताना आमचा हात कापत होता. नंतर ती म्हणाली, “आईच्या हातचं नाही हे, पण घरचं आहे.” याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांस उभ्या नोकरीत मिळाले नाही.

त्या देशात सुईणीला सरकारमान्य स्थान आहे. प्रसूतीनंतर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊन मायलेकरांना पाहू शकते, आणि तो खर्च आरोग्यविमा देतो. आमच्याकडे येणारी बाई मोठी प्रेमळ होती. दुधासाठी म्हणून तिने एक काढा सुचविला. कन्येने त्यातील जिन्नस वाचून दाखविले : बडीशेप, त्याच जातीचे आणखी एक बी, आणि तेच आम्हांस फसविलेले ‘क्युमेल’. आम्हांस हसू आले. आपल्या आजीबाई बडीशेप आणि बाळंतशेपा देतात, तोच हा विचार. दोन मुलुखांतील बायकांनी एकमेकींना न विचारता एकच उत्तर काढले होते.

अळिवाची कथाही अशीच. शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांच्या खिडकीत एका ताटलीत कापूस पसरून बारीक हिरवी रोपे वाढविलेली असत. ती कात्रीने कापून त्या लोणी-पावावर घालीत. एके दिवशी त्यांनी बियांची पुडी दाखविली. तांबूस, लांबट दाणे. ओल्या बोटाला लागताच बुळबुळीत झाले. आम्ही ओरडलोच, “अहो, हे तर अळीव!” बाईंना मराठी कळले नाही, पण आमचा आनंद कळला. आपण बी खातो, ते लोक त्याचे कोंब खातात, एवढाच भेद. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पेरणीच्या बियांना कधी औषध लावलेले असते. म्हणून खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी पुडीच घ्यावी. ती आम्ही आणली, आणि कन्येस दुधात भिजविलेल्या अळिवाची खीर, कोरडा खोबऱ्याचा कीस व तो काळा पाक घालून देता आली.

आता बारशाची हकीकत. बारावा दिवस रविवारी आला. जावयांच्या कचेरीतील पाच-सहा जण आणि शेजारच्या बाई यांना बोलाविले होते. श्रीखंडाची सोय अनायासे झाली. तेथे ‘क्वार्क’ नावाचा पदार्थ मिळतो, तो म्हणजे जवळजवळ चक्काच. फडक्यात बांधून रात्रभर टांगला, साखर आणि वेलदोडा घातला की झाले. प्रश्न घुगऱ्यांचा. सौ.ची आज्ञा होती, “पोरीच्या बारशाला घुगऱ्या झाल्याच पाहिजेत.” काबुली हरभरे शनिवारी भिजत घातले. कुकराचे रबरी कडे फाटलेले, आणि ते त्या गावात मिळत नव्हते. म्हणून उघड्या पातेल्यात पहाटे पाचला चढविले. सात वाजले, साडेआठ वाजले. हरभरे जसेच्या तसे कडक! रविवार, दुकाने बंद, पाहुणे अकराला यावयाचे.

तेव्हा पाणी तापविण्याच्या किटलीकडे आमचे लक्ष गेले. तिच्या आतून पांढरा थर धरला होता. सातवीच्या विज्ञानाचा धडा आम्ही किती वर्षे शिकविला असेल : जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. पाण्यातील चुन्याचा अंश दाण्याच्या पेशी बांधणाऱ्या द्रव्याला घट्ट धरून ठेवतो. दाणा मऊ पडत नाही. मुलांकडून हे वाक्य घोकून घेतले, पण ते आमच्या पातेल्यात उकळत असता आम्हांस ओळखू आले नाही! पाणी उकळले की त्यातील पुष्कळसा चुना खाली बसतो. म्हणून किटलीत उकळून निवळलेले पाणी घेतले, जुने पाणी ओतून टाकले आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. अधिक घालू नये. चव साबणासारखी होते आणि एक जीवनसत्त्वही नाश पावते. लिंबू दाणा शिजल्यावरच. कारण आंबट पडले की दाणा पुन्हा आडमुठा होतो. साडेदहाला हरभरा बोटांत दाबला, तो लोण्यासारखा चिरडला. अकराला पाळण्याजवळ घुगऱ्यांची वाटी ठेवली. मोबाइलच्या पडद्यावरून सौ.नी पाळणा म्हटला, आणि नातीचे नाव ठेवले गेले. शेजारच्या बाईंनी दोन वाट्या घुगऱ्या खाल्ल्या.

सहाव्या आठवड्यात हरवलेली बॅग दारात आली. तीतील तूप व पेढे काढून घेऊन जकातवाल्यांनी आत एक चिठ्ठी घातली होती. परक्या मुलखांतून दुधाचे पदार्थ प्रवाशांनी आणू नयेत असा तेथील नियम आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु सांगावयाचे ते निराळेच. जी बॅग न आल्याने पहिल्या रात्री आम्हांस झोप लागली नव्हती, ती उघडली तेव्हा हिंग, काळा मसाला आणि कोकम यांखेरीज कशाचीच निकड उरलेली नव्हती. कढीलिंबाला मात्र शेवटपर्यंत कोणी बदली मिळाला नाही. काही गोष्टींना पर्याय नसतो. तेथे त्यांच्यावाचूनच करावे. भलते काही त्यांच्या जागी घालू नये.

निघण्याच्या आधी, मे महिन्याच्या आरंभी, शेजारच्या बाई परसातील वाफे खुरपीत होत्या. आम्ही मदतीस गेलो. तण उपटून त्या ढिगावर टाकीत होत्या. त्यातील एक रोप आम्ही उचलले; पान बदकाच्या पायासारखे, वर पांढरट पीठ धरलेले. ताजा चाकवत! आमच्या आई बांधावरून ओटी भरभरून आणीत, तोच. बाई म्हणाल्या, लढाईनंतरच्या उपासमारीच्या वर्षांत त्यांच्या आईनेही ही भाजी केली होती. पुढे चांगले दिवस आले आणि तिचे तण झाले. त्यांची खात्री आणि आमची ओळख जुळली तेव्हाच आम्ही ती घरी नेली. अनोळखी मुलखात एकट्याच्या नजरेवर रानभाजी कधी खाऊ नये. ताक आणि पीठ लावून चाकवताची पातळ भाजी केली आणि एक वाटी बाईंकडे पाठविली. वाटी परत आली तेव्हा रिकामी नव्हती. तीत त्यांच्या हातचा मुरंबा होता. वाटी रिकामी परत करू नये हा धर्म तेथेही आहे.

मंडळी, आता मुख्य गोष्ट सांगून संपवितो. आपण मुलांना परदेशी धाडताना काय देतो? बॅगा भरभरून लाडू-चकल्या देतो. त्या महिन्याभरात संपतात. मुलींना निदान काही येत असते. मुलांना आपण ‘तुला काय करायचंय’ म्हणून चुलीपासून दूर ठेवतो. आमच्या जावयांना त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे पित्याची बालसंगोपन-रजा मिळाली होती. पण रजा मिळून घरी बसलेल्या पुरुषास वरण करता येत नसेल, तर बाळंतिणीला त्या रजेचा अर्धाच उपयोग. त्या नव्वद दिवसांत त्यांना आम्ही आणि आम्हांला सौ. शिकवीत होत्या. आम्ही परतलो तेव्हा ते पोळ्या करीत होते. आकार अद्याप नकाशासारखा, पण मऊ.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे. शाल-श्रीफळाच्या सत्कारापूर्वी त्या मुलाने अगर मुलीने एक महिना आपल्या आईच्या हाताखाली चूल सांभाळावी. वरण, भात, पोळी, एक पालेभाजी आणि लोणी कढविणे, एवढे यावे. केवळ कृती पाठ करू नये. कोणता जिन्नस कशासाठी, हे विचारून घ्यावे. आंबट कशासाठी, स्निग्ध कशासाठी, दाटपणा कशाने येतो, हे समजले की मग गाव कोणतेही असो, बाजार कितीही तोकडा असो, ताट रिकामे राहत नाही. आणि हे आईला विचारावयाचे ते ती आहे तोवर. आमच्या सौ. अंथरुणावरून सांगू शकल्या, हे आमचे भाग्य.

आमच्याविषयी म्हणाल तर, अडतीस वर्षे वाढलेले ताट पुढे आले आणि आम्ही मीठ कमी आहे एवढेच म्हणत आलो, याची आम्हांस आज लाज वाटते. सौ. आता काठी घेऊन चालतात. संध्याकाळचा भात हल्ली आम्हीच लावतो. परवा त्या म्हणाल्या, “मीठ कमी आहे.” आम्ही मीठ आणून दिले.